गाडी बिघडली की डच, डोकं बिघडलं की मलाय

जकार्तात मोटारसायकल बिघडली की माणूस नकळत डच बोलू लागतो. गाडी ढकलत जिथे न्यायची त्या गॅरेजला ‘बेंगकेल’ म्हणतात. हा मूळचा डच ‘विंकल’, म्हणजे दुकान. तिथला पोरगा उकिडवा बसतो, सायलेन्सरवर पान्हा वाजवतो आणि म्हणतो, ‘क्नालपोट’. ब्रेक म्हणजे ‘रेम’, टायर म्हणजे ‘बान’, गिअर म्हणजे ‘पेर्सनेलिंग’, सुटे भाग म्हणजे ‘ओंदेरदिल’ आणि कामाआधी उचल हवी असेल तर ‘पेर्सेकोत’. यातला एकही शब्द अस्सल मलाय नाही. सगळे हॉलंडहून आले. आणणारे परत गेले, शब्द तेवढे राहिले.

उलट हेगमध्ये माणसाचं डोकं बिघडलं की तो मलाय बोलू लागतो. रात्रभर कूस बदलत काळजी करणं म्हणजे डचमध्ये ‘पीकेरन’. हा मलाय ‘पिकिर’. शेजाऱ्याशी हमरीतुमरीवर येणं म्हणजे ‘बाकेलायन’. हा मलाय ‘बर्कलाही’. उसना रुबाब दाखवणं म्हणजे ‘ब्रानी’. संतापानं डोळ्यांपुढे अंधारी येणं म्हणजे ‘माताग्लाप’; मलायमध्ये ‘माता’ म्हणजे डोळा आणि ‘गलाप’ म्हणजे अंधार. गयावया करणं म्हणजे ‘सूबाटन’. त्याच्या मुळाशी मलाय ‘सोबात’, म्हणजे दोस्त. आणि कचेरीतल्या बाबूनं ‘हे माझ्याकडे येत नाही’ म्हणून हात झटकले, तर ते काम त्याचं ‘पाकी-आन’ नव्हे. हा मलाय ‘बागिआन’, आणि त्याच्या पोटात आपला संस्कृत ‘भाग’ बसला आहे. कामाची फाइल पुढच्या टेबलावर सरकवण्यासाठी संस्कृत थेट उत्तर समुद्रापर्यंत उपयोगी पडेल, असं कुठल्याही शास्त्रीबुवांना वाटलं नसेल.

थोडक्यात, यंत्रं बिघडण्याचे शब्द इकडून तिकडे गेले आणि माणसं बिघडण्याचे तिकडून इकडे आले. दोन भाषांनी सव्वातीनशे वर्षं एकमेकींच्या सहवासात काढली आणि देवाणघेवाण झाली ती ही अशी.

मला या गोष्टी घरबसल्या कळतात, कारण माझा पुतण्या आइन्डहोव्हनला आहे आणि भाची जकार्ताला. दोघंही नोकरीपायी तिकडची भाषा शिकताहेत. भाषा शिकणाऱ्याला व्याकरणाच्या पुस्तकाइतकीच तक्रार ऐकून घेणाऱ्या माणसाची गरज असते, आणि निवृत्त माणसाकडे वेळ नसला तरी कान भरपूर असतात.

पुतण्याची तक्रार ‘द’ आणि ‘हेट’ची. डचमध्ये नामाआधी या दोहोंपैकी एक उपपद लागतं. कुठे कुठलं, याला नियम थोडे आणि सवय फार. टेबलाला ‘द’, घराला ‘हेट’. मुलग्याला ‘द’, पण मुलीला ‘हेट’, म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी. का, तर तिच्या शब्दाच्या शेवटी लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय आहे, आणि तो लागला की डच भाषेत हत्तीसुद्धा नपुंसक होतो. मी त्याला विचारलं, “अरे, पण ताट ते, वाटी ती आणि पेला तो, हे तुला कुणी शिकवलं?” तो म्हणाला, “काका, मराठी मला येते. ती शिकावी कुठे लागली?” याहून नेमकं उत्तर भाषाशास्त्राकडेही नसावं.

डच क्रियापदाचाही त्याला राग आहे. क्रियापद शेवटी येण्याचं आपल्याला काहीच वाटत नाही, आपलं तर जन्मभर शेवटीच येतं. पण डच क्रियापद मुख्य वाक्यात दुसऱ्या जागी बसतं, गौण वाक्यात शेवटी जातं, आणि काही क्रियापदं तर मधूनच तुटतात. फोन करणं म्हणजे ‘ओपबेलन’. ‘मी तुला फोन करतो’ म्हणताना ‘बेल’ दुसऱ्या जागी राहतं आणि ‘ओप’ वाक्याच्या टोकाला जातं. मधे उद्या, संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, जमलं तर, असं काहीही येवो, ऐकणाऱ्यानं ‘ओप’ येईपर्यंत दम धरायचा.

भाचीची तक्रार बरोबर उलटी. “अरे मामा, या भाषेत व्याकरणच नाहीये!” काळ नाहीत, लिंग नाही, विभक्ती नाही. ‘साया माकान’ म्हणजे मी खातो, खाते, खाल्लं, खाईन, जे लागेल ते. झालं असेल तर आधी ‘सुदाह’ लावायचं, व्हायचं असेल तर ‘बलूम’. यातला ‘बलूम’ हा फार सभ्य शब्द आहे. घरमालकीणबाईंनी तिला लग्न झालं का म्हणून विचारलं, तेव्हा ती सरळ ‘नाही’ म्हणाली. बाईंना ते बरं वाटलं नाही. अशा वेळी ‘बलूम’ म्हणायचं असतं, म्हणजे ‘अजून नाही’. माणूस ऐंशीचा असला तरी बलूम. हा शब्द भाचीच्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, अतिशय आवडला आहे आणि ती आता तो नातेवाइकांत सर्रास वापरते.

अनेकवचन करायचं तर शब्द दोनदा म्हणायचा. ‘ओरांग’ म्हणजे माणूस, ‘ओरांग-ओरांग’ म्हणजे माणसं. एके काळी लिहिताना तर शब्दापुढे चक्क दोनाचा आकडा टाकत, ‘ओरांग२’. शाईच्या काटकसरीत कुणी सदाशिव पेठेला मागे टाकल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण.

पण ही चैन फार दिवस टिकली नाही. ‘सापु’ म्हणजे झाडू हे भाचीला माहीत होतं. ‘मन्यापु’ म्हणजे झाडणं, आणि ते शब्दकोशात ‘म’खाली कुठेच नाही, ते ‘सापु’च्या घरी. ‘तुलिस’चं ‘मनुलिस’ होतं, ‘पुकुल’चं ‘ममुकुल’. उपसर्ग लागला की अशा शब्दांचं पहिलं अक्षर गडप. ज्या शब्दाचा अर्थ बघायचा, त्याचं पहिलं अक्षर आधी ओळखायचं, मग कोश उघडायचा. आता तिचं मत असं, की मलायचं दार सताड उघडं असतं, पण आत खोल्यांत खोल्या निघतात. डचचं दार जड, मात्र एकदा ढकललं की आतलं पुष्कळसं सामान इंग्रजीमुळे ओळखीचं असतं.

आकड्यांपाशी आल्यावर मात्र दोघांच्या तक्रारी माझ्या अंगावर आल्या. डच माणूस एकवीस म्हणताना ‘एक-आणि-वीस’ म्हणतो, म्हणजे एकक आधी, दशक नंतर. मलायमध्ये ‘दुआ पुलुह सातू’, दोन दहा एक. पाटीवर जसं लिहू तसं बोलायचं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असं वाचायला दिलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला होता! अग्रलेख आले, विनोद आले, विधिमंडळातही विषय निघाला. म्हणजे तो वाद खरं तर डच आणि मलाय यांच्यातला होता आणि आपण तो नकळत घरी लढलो. आपण डचांच्या बाजूनं होतो.

पण मलाय ‘नऊ’ बघावा. त्याला ‘सम्बिलान’ म्हणतात, आणि त्याची फोड ‘एक काढून घेतलेला’ अशी करतात. दहातून एक काढला की नऊ. हे आपल्या एकोणीस, एकोणतीसचंच गणित. आठालाही तोच न्याय, तिथे दोन काढलेले. त्यापुढची कमाल डच घड्याळाची. ‘हाल्फ द्री’, शब्दशः ‘अर्धे तीन’, म्हणजे अडीच. पुतण्या एकदा ‘अर्धे तीन’ला कुणाला भेटायचं म्हणून साडेतीनला पोचला आणि समोरचा तासभर थांबून निघून गेलेला. मी त्याला म्हटलं, “आपलं ‘अडीच’ कुठून आलं माहीत आहे? ‘अर्धतृतीय’. तिसरा अर्धा. आणि ‘दीड’ म्हणजे ‘द्व्यर्ध’, दुसरा अर्धा. डचमध्ये दीडला काय म्हणतात?” तो जरा थांबून म्हणाला, “आन्डरहाल्फ. दुसरा अर्धा.” त्या दिवशी त्यानं डच भाषेवर पहिल्यांदा रागावणं सोडलं. भाची म्हणते, इंडोनेशियातही अडीच वाजले की ‘अर्धे तीन’च म्हणतात, मलाक्काच्या सामुद्रधुनीपलीकडे मलेशियात मात्र ‘दोन अर्धा’.

या सामुद्रधुनीची गंमत वेगळीच आहे. १८२४ साली ब्रिटिश आणि डच यांनी लंडनमध्ये करार करून मलाय भाषेचा मुलूख वाटून घेतला. तेव्हापासून एकाच भाषेची गाडी एका किनाऱ्यावर डचमध्ये बिघडते आणि दुसऱ्या किनाऱ्यावर इंग्रजीत. इंडोनेशियात ‘रेम’ तर मलेशियात ‘ब्रेक’, इकडे ‘बान’ तर तिकडे ‘तायर’, इकडे ‘क्नालपोट’ तर तिकडे ‘एक्झोस’. भाषा एकच, मेकॅनिक निराळे.

या सगळ्याची सुरुवात अर्धी आपल्या अंगणात झाली, हे फारसं कुणी सांगत नाही. यान हुईखन व्हान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ साली गोव्यात आला आणि तिथल्या पोर्तुगीज आर्चबिशपचा चिटणीस म्हणून पाच वर्षं राहिला. पगार पोर्तुगीजांचा घेतला आणि पोर्तुगीजांचे जलमार्ग, बंदरं, व्यापार यांची टिपणं काढून घरी नेली. १५९६ साली त्याचं पुस्तक निघालं. त्यात त्यानं मलाय भाषेची तोंडभरून स्तुती केली आहे: पूर्वेकडे फिरायचं तर ती यायलाच हवी, जशी युरोपात फ्रेंच. हा गृहस्थ मलाय मुलखात कधी गेलाच नव्हता. मांडवीच्या काठी बसून त्यानं ही शिफारस केली. न बघितलेल्या गोष्टीबद्दल ठाम मत देण्याची कला तो गोव्यात शिकला, की आधीपासूनच अंगी होती, हे गोवेकरांनी ठरवावं.

पुढचा धडा अधिक महाग पडला. फ्रेडरिक द हाउटमन हा दर्यावर्दी भावाबरोबर सुमात्रातल्या आचेला गेला. १५९९ साली तिथे झटापट झाली, भाऊ मारला गेला आणि फ्रेडरिक सुलतानाच्या कैदेत पडला. दोन वर्षांच्या बंदिवासात त्यानं दोन उद्योग केले: दक्षिण आकाशातले तारे पाहिले आणि मलाय शिकून घेतली. सुटून गेल्यावर १६०३ साली त्यानं ॲमस्टरडॅमला मलाय शब्दकोश आणि संभाषणांचं पुस्तक छापलं, आणि त्यालाच तारकांची यादी जोडली. परभाषा शिकायला सक्तीचा मुक्काम किती उपयोगी पडतो, हे आइन्डहोव्हनच्या पुतण्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “काका, मीही भाषेची परीक्षा होईपर्यंत कैदेतच आहे.”

१६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, १६१९ साली बटाव्हिया वसली, म्हणजे आजचं जकार्ता. राज्य आलं की राज्यकर्त्याची भाषा येते, असा आपला अनुभव. तिथे उलटंच झालं. कंपनीनं अंबोनच्या शाळांत डच शिकवण्याचा प्रयत्न केला, पण पोरं पोपटासारखी प्रार्थना म्हणत आणि अर्थाला मलायच लागे. बटाव्हियात डचांच्याच घरांतून पोर्तुगीज आणि मलाय ऐकू येई. पुढे तर डच शिकवायचीच नाही, असा कल झाला. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं. डचांनी वाघीणच पिंजऱ्यात ठेवली आणि किल्ली खिशात. जावातल्या जेपाराच्या कार्तिनी या तरुणीनं १९०० च्या आसपास लिहिलेल्या पत्रांत हे दुःख मांडलं आहे: जावानीज माणूस उत्तम डच बोलला, तरी साहेब मुद्दाम मलायमध्ये उत्तर देतो. आणि हे सगळं तिनं लिहिलं ते झकास डचमध्ये. १९०४ साली पंचविसाव्या वर्षी ती गेली. आज तिचा जन्मदिवस तिथे साजरा होतो.

आता त्या उसन्या शब्दांचं कोडं उलगडतं. डच माणूस भेटे तो कचेरीत, स्टेशनात, कारखान्यात. म्हणून कचेरी ‘कांतोर’ झाली, तिकीट ‘कार्चिस’ झालं, खातं ‘रेकेनिंग’ झालं, तूट ‘तेकोर’ आणि दिवाळं ‘बांगक्रुत’. घरात शिरले ते शब्दही भिंतीला लागून राहिले: बेसिन ‘वास्ताफेल’, सॉकेट ‘स्टोपकोन्ताक’, टॉवेल ‘हांदुक’. भाजीत ‘बुंचिस’ आला, म्हणजे डच ‘बोंट्येस’, इवल्या शेंगा. अनेकवचन, वर लाडाचा प्रत्यय, सगळं एका दमात गिळलं आणि एकवचनी शब्द करून टाकला. फ्रेंच बीन्सची ‘फरसबी’ करणाऱ्यांनी यावर काही बोलू नये.

डच बाळ मात्र मलाय दाईच्या मांडीवर वाढे. आईबापांची भाषा जेवणाच्या टेबलावर, पण रडणं, रुसणं, हट्ट, भांडण हे सगळं स्वयंपाकघराच्या दारात, मलायमध्ये. माणूस रागावतो आणि घाबरतो ते लहानपणीच्या भाषेत. म्हणून ‘माताग्लाप’ आणि ‘बाकेलायन’ बोटीत बसून हॉलंडला पोचले; १९४५ नंतर सुमारे तीन लाख माणसं तिकडे गेली, ती सांबालच्या चटणीबरोबर हेही घेऊन गेली. काही शब्दांनी तर फुकट परतीचा प्रवास केला. डच साहेब ‘योंगन्स’ म्हणून हाक मारी, म्हणजे पोरांनो. त्याचा मलायमध्ये ‘जोंगोस’ झाला, घरगडी. मग साहेबच आपल्या भाषेत गड्याला ‘जोंगोस’ म्हणू लागला, मूळ शब्द आपलाच हे विसरून.

स्वभावातला फरक दाखवणारी जोडी मात्र वेगळीच. मलायनं संस्कृतातून ‘चिंता’ घेतली आणि तिचा अर्थ केला प्रेम. डचांनी मलायमधून ‘पिकिर’ घेतला. मलायमध्ये त्याचा अर्थ विचार करणं, आणि त्यांनी त्याची केली काळजी. हा मूळ अरबी ‘फिक्र’, त्याचीच आपली फिकीर, म्हणजे इथेही आपण डचांच्याच पंगतीत. चिंता दिली तर प्रेम करून दाखवणारे लोक आणि नुसता विचार दिला तर रात्रभर जागणारे लोक एकाच राज्यात इतकी वर्षं राहिले, हेच नवल.

मराठी माणसाला मात्र मलायची एक गोष्ट शिकवावी लागत नाही. आपल्याकडे ‘आपण’ वेगळं आणि ‘आम्ही’ वेगळं. मलायमध्येही तसंच: ‘किता’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट, ‘कामी’ म्हणजे आम्ही, ऐकणारा वगळून. डचमध्ये दोहोंना एकच शब्द, ‘वै’. ‘आपण जेवायला जाऊ’ आणि ‘आम्ही जेवायला जातोय’ यांत केवढं अंतर आहे, हे जिन्यात ताटकळलेल्या माणसाला विचारावं. सोसायटीचे सेक्रेटरी ‘आपण पाणी जपून वापरायला हवं’ म्हणतात, तेव्हा त्या ‘आपण’मध्ये ते स्वतः नसतात, हेही आपल्याला कळतं. डच माणसाला हा सगळा तपशील ‘वै’मध्ये कोंबावा लागतो. आत कोण, बाहेर कोण, हे ऐकणाऱ्यानं चेहऱ्यावरून ओळखायचं.

१९२८ साल या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. मार्च महिन्यात हेगच्या न्यायालयात मोहम्मद हट्टा या विद्यार्थ्यानं आपल्या बचावाचं भाषण केलं. विषय स्वतंत्र इंडोनेशिया, भाषा अस्खलित डच. न्यायालयानं त्याला सोडून दिलं. ऑक्टोबरात बटाव्हियात तरुणांचं संमेलन भरलं. त्यातल्या कित्येकांना डच जास्त सराईत होती, जावानीज किंवा सुंदानीज घरची होती, तरी त्यांनी शपथ घेतली ती एका देशाची, एका राष्ट्राची आणि मलायमधून घडवलेल्या एका भाषेची. तिचं नाव ‘बहासा इंडोनेसिया’. सर्वांत मोठ्या गटाची जावानीज बाजूला ठेवून व्यापाऱ्यांची बाजारभाषा निवडली, कारण ती कुणाच्याच घरची मालकीण नव्हती. आणि ती बेटोबेटी आधीच पोचवून ठेवली होती, ती आपली भाषा खिशात ठेवून फिरणाऱ्या डच कारभारानंच.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नोंनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली. त्यातला पहिलाच शब्द ‘कामी’. आम्ही, तुम्हाला वगळून. सव्वातीनशे वर्षं डच न शिकवता मलाय शिकण्याचा डचांना अखेर हा फायदा झाला, की घर खाली करण्याची नोटीस त्यांना दुभाष्याशिवाय वाचता आली. वाचली लगेच. फक्त मान्य करायला २७ डिसेंबर १९४९ उजाडला, तोवर विचारलं असतं तर त्यांनी चांगल्या मलायमध्ये सांगितलं असतं: बलूम.